विद्यार्थ्यांच्या संगीत नाटकातील नक्कल आणि असल

नाटकमंडळ्यांच्या काळी नटाच्या हाती त्याच्या भूमिकेचा जो हस्तलिखित कागद पडे, त्यास 'नक्कल' असे नाव होते. त्या कागदावर सबंध नाटक नसे. त्या नटाची भाषणे, त्याच्या वाट्याची पदे आणि समोरच्या पात्राच्या वाक्यातील शेवटचे दोन-चार शब्द, एवढाच मजकूर कोणा सुवाच्य अक्षराच्या माणसाकडून उतरवून घेतलेला असे, आणि 'नकला वाटल्या' म्हटले की नाटक बसवायला घेतले असे समजावे. कचेरीच्या भाषेत याच शब्दाला दुसरा अर्थ आहे: सातबाऱ्याची वा जन्मनोंदीची नक्कल मागायची तर रीतसर अर्ज द्यावा लागतो, फी भरावी लागते, आणि हाती आलेल्या कागदावर 'खरी नक्कल' असा शिक्का व सही असल्यावाचून त्याला किंमत येत नाही. तिसरा अर्थ सर्वांच्याच परिचयाचा, मास्तरांच्या चालण्याबोलण्याची मुले मधल्या सुट्टीत करतात ती. विद्यार्थ्यांच्या संगीत नाट्यप्रवेशांविषयी मला जे सांगावयाचे आहे ते या तीन अर्थांभोवतीच फिरणारे आहे. कारण आपण मुलांना द्यावयाची ती पहिल्या अर्थाची नक्कल आणि प्रत्यक्षात देतो ती तिसऱ्या अर्थाची, असा माझा अनुभव आहे, आणि दुसऱ्या अर्थाच्या नकलेतील प्रामाणिकपणा, म्हणजे मूळ कागद कोणाच्या दप्तरात आहे हे उघडपणे सांगण्याची रीत, ती तर आपण जवळजवळ विसरूनच गेलो आहोत.

स्नेहसंमेलनासाठी 'सौभद्रा'तील एखादा प्रवेश बसवणारी शाळा असो, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी 'मानापमान' किंवा 'कट्यार काळजात घुसली' निवडणारा महाविद्यालयीन संघ असो, किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत गावच्या देवळापुढील मांडवात 'शारदा' उभे करणारी कोकणातील वा गोव्यातील मुले असोत, या सर्वांना आणि त्यांच्या शिक्षकांना उद्देशून हा लेख आहे. अशा प्रयोगांना परीक्षक म्हणून बसण्याचा आणि काही ठिकाणी तालमी घेण्याचा योग मला अनेक वर्षे आला. मुलांच्या कष्टांत उणेपणा मला क्वचितच आढळला. पण डोळे मिटून ऐकू लागलो की बहुतेक प्रसंगी मला रंगमंचावरील मुलगा ऐकू येत नसे. ऐकू येई ती एक ध्वनिमुद्रिका, आणि ती कोणाची व कोणत्या प्रयोगाची हे दोन ओळींतच ओळखू येई.

असाच एक मुलगा माझ्या स्मरणात कायमचा राहिला आहे. त्याने 'कट्यार'मधील खाँसाहेबांची भूमिका घेतली होती. गळा उत्तम, दमसास भरपूर, आणि तयारी इतकी की ताना मोजून घ्याव्यात. पदाच्या मध्यावर एक लांब तान समेवर आणून सोडल्यावर तो एकाएकी थांबला, मान किंचित वर करून चार-पाच मात्रा तसाच उभा राहिला, आणि मग पुढची ओळ त्याने उचलली. सभागृहात त्या वेळी पूर्ण शांतता होती. मला तो थांबा समजेना; पुढे त्याने ज्या मुद्रणावरून पद बसवले होते ते मुद्दाम मिळवून ऐकले, तेव्हा उलगडा झाला. मूळ प्रयोगात नेमक्या त्या जागी श्रोत्यांच्या टाळ्या पडल्या होत्या आणि त्या ओसरेपर्यंत गायक थांबला होता. त्या बिचाऱ्या मुलाने गाण्याबरोबर टाळ्यांची जागाही पाठ केली होती. मला त्याचे हसू आले नाही. वाईट वाटले, कारण इतक्या बारकाईने ऐकणारा कान ज्याच्यापाशी आहे, त्याला त्या कानाचा उपयोग कशासाठी करायचा हे आम्हां वडीलधाऱ्यांपैकी कोणीच सांगितलेले नव्हते.

येथे एक गैरसमज प्रथमच दूर केला पाहिजे. अनुकरण हे पाप नव्हे. आपल्या संगीताची सारी तालीम अनुकरणावर उभी आहे: गुरूने जागा म्हणावी, शिष्याने ती उचलावी, ती बिनचूक येईपर्यंत दहादा म्हणावी, आणि 'का' हा प्रश्न काही काळ तहकूब ठेवावा, हीच पिढ्यान्पिढ्यांची वहिवाट. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे 1924 साली जन्मलेले कुमार गंधर्व बालवयात मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा म्हणून दाखवीत आणि त्या चमत्काराने मैफली थक्क होत. त्यानंतर मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांकडे त्यांचे रीतसर शिक्षण झाले, आणि ज्या मुलाला कोणाचीही हुबेहूब प्रतिकृती काढता येत होती त्यानेच पुढे आयुष्यभर कोणाचीही प्रतिकृती न होणारे गाणे गायिले. प्रौढपणी त्यांनी बालगंधर्वांच्या पदांचा कार्यक्रम केला तेव्हा त्याला नाव दिले 'मला उमजलेले बालगंधर्व'. या नावातील पहिले दोन शब्द विद्यार्थ्यांनी नीट वाचावेत. बालगंधर्वांची पदे मला येतात असे त्यांत म्हटलेले नाही, बालगंधर्वांसारखी मी म्हणतो असे तर मुळीच नाही; मला जे उमजले ते मी मांडतो, एवढाच त्याचा आशय. अनुकरणाचा आरंभ कुठे व्हावा आणि त्याने जाऊन कुठे पोहोचावे, याचा याहून स्पष्ट दाखला आपल्याकडे दुसरा नाही.

तेव्हा पहिली सूचना अशी, की ध्वनिमुद्रिका अवश्य ऐका, बिनचूक उतरवूनही घ्या, परंतु एकच ऐकू नका. एका गायकाची नक्कल केली की गळ्याला त्याची खोड लागते. तिघांची केली की कानाला प्रश्न पडू लागतात. एकाने ज्या शब्दावर मींड घेतली तेथे दुसऱ्याने खटका का दिला, एकाने ध्रुपदाकडे परतताना जो मुखडा लांबवला तो दुसऱ्याने तोडून का घेतला, हे वहीत लिहून काढा. पुण्याला 31 ऑक्टोबर 1880 रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून आजतागायत या परंपरेत एकच भूमिका निरनिराळ्या गळ्यांतून निरनिराळी होत आलेली आहे. भाऊराव कोल्हटकरांचा 1901 साली अंत झाला आणि 1905 साली किर्लोस्कर मंडळीत आलेल्या नारायणराव राजहंसांनी, म्हणजे बालगंधर्वांनी, भाऊरावांनी गाजवलेल्या नायिकांच्या भूमिका उचलल्या. भाऊरावांच्या गळ्याची आठवण प्रेक्षकांच्या मनात ताजी असताना त्या आठवणीला शरण न जाता स्वतःच्या गळ्याला मानवेल असे ते गायिले, म्हणून बालगंधर्व झाले. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या 'संयुक्त मानापमाना'त एका बाजूला बालगंधर्वांची भामिनी आणि दुसऱ्या बाजूला केशवराव भोसल्यांचा धैर्यधर उभा होता. दोन मंडळ्या, दोन गायकी, दोन स्वभाव; एकाने दुसऱ्यासारखे गाण्याचा प्रयत्न केला असता तर त्या रात्रीची कथा आज कोणी सांगितली नसती. पुढे दीनानाथ मंगेशकरांच्या गळ्यातून तोच धैर्यधर आणखी निराळ्या तेजाने प्रकट झाला. यांतील 'खरा' धैर्यधर कोणता, हा प्रश्नच चुकीचा आहे.

ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मुलांना कोणी सांगत नाही, म्हणून ती विस्ताराने सांगतो. मिनिटाला 78 फेरे घेणारी जी जुनी तबकडी, तिच्या एका बाजूवर तीन, फार तर साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. रंगभूमीवर तेच पद प्रेक्षकांच्या 'वन्स मोअर'नुसार किती तरी अधिक वेळ चाले, आणि पुन्हा म्हणताना गायक ते तसेच म्हणत नसे. अहमदजान थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी ज्या बालगंधर्वांच्या साथीला होती, त्यांच्या एखाद्या पदाचा रंगभूमीवरील विस्तार तबकडीच्या एका बाजूत कसा मावणार? गायकाने तेथे काटछाट केली, लय थोडी चढी ठेवली, आलापाऐवजी चटकदार हरकती पसंत केल्या, आणि यंत्राच्या सोयीने पद आटोपले. आज त्या तबकडीवरून मोबाईलवर आलेले गाणे ऐकून मुलगा पद बसवतो, तेव्हा गवयाच्या विचाराबरोबर यंत्राची अडचणही तो बिनदिक्कत उचलतो. त्याच्यापुढे तबकडी नसते, प्रेक्षक असतात. त्याला साडेतीन मिनिटांचे बंधन नसते, प्रवेशाच्या गतीचे असते. एखादे पद तेथे दीड मिनिटात संपणे योग्य असेल, एखाद्याला सहा मिनिटेही द्यावी लागतील. ते ठरवायचे ते प्रसंगाने.

प्रसंग म्हणजे काय, हे मला एका मुलीने शिकवले असे म्हटले तरी चालेल. ती देवलांच्या 'शारदे'तील नायिका करीत होती. 1899 सालचे हे नाटक विद्यार्थ्यांना मी नेहमी सुचवतो. कारण पैशासाठी वृद्ध भुजंगनाथाच्या गळ्यात बांधली जाऊ पाहणारी ती कोवळी मुलगी आणि तिच्या मैत्रिणी, यांच्या वयाशी आपल्या मुलींचे वय जुळते. शारदेच्या मनातील भीती ज्यात बोलते ते पद तिने अत्यंत तयारीने म्हटले: सूर स्वच्छ, ताना दाणेदार, आणि शेवटी तिहाई. मी तिला म्हटले, "बाळ, पेटी बंद करू या. हेच शब्द मला नुसते बोलून दाखव." तिला ते बोलता येईनात. शब्द पाठ होते, पण कुठे थांबायचे, कोणता शब्द कोणाकडे पाहून उच्चारायचा, हे तिला ठाऊक नव्हते. गाण्यात ते प्रश्न सुरांनी झाकून टाकले होते. आम्ही तीन दिवस फक्त बोललो. पहिल्या दिवशी तिने ओळी कवितेसारख्या म्हटल्या, दुसऱ्या दिवशी रागावून, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, अगदी हळू आवाजात, जमिनीकडे बघत, मधल्या एका शब्दाशी अडखळून. तो अडखळा कोणी शिकवलेला नव्हता. चौथ्या दिवशी पेटीवाल्यांनी सूर दिला आणि तिने पद सुरू केले तेव्हा तो अडखळा गाण्यातही उतरला. ज्या जागी पूर्वी तान होती तेथे आता एक छोटासा थांबा आणि षड्जावर टेकलेला एकच सूर होता. तान का टाकली, असे मी विचारले नाही. तिनेच सांगितले, "सर, तिथे शारदेला एवढा श्वास कुठून येईल?"

हाच क्रम मी सर्वांना सांगतो. पद प्रथम गद्यात बोला. मग तालाशिवाय, तंबोऱ्यावर किंवा पेटीच्या एका सुरावर, बोलण्याच्याच लयीत गुणगुणा. मग ठेका धरा. आणि हरकती, मुरक्या, ताना यांना सर्वांत शेवटी प्रवेश द्या, तोही चौकशी करून. या जागेने पात्राचे काय वाढते? उत्तर नसेल तर ती जागा, कितीही मोठ्या गवयाची असो, तुमच्या पदात बसू शकत नाही. नाट्यपदाचा सर्वांत नाजूक सांधा म्हणजे भाषणातून गाण्यात शिरण्याचा क्षण. ऑर्गनवाला सूर देतो, नट बोलता बोलता एकदम सावरून उभा राहतो, तोंड प्रेक्षकांकडे वळवतो, आणि आता मी गाणार असे सारे शरीर सांगते. मग समोरचे पात्र पुतळ्यासारखे उभे. ही नक्कल कोणा एका गवयाची नव्हे, वाईट सवयीची आहे. भाषणाचे शेवटचे वाक्य ज्या स्वरावर पडते तो पदाच्या उठावाच्या जवळ आणावा, समोरच्या पात्राला पद ऐकण्याचे काम द्यावे, आणि गाणाऱ्याने निदान पहिली ओळ तरी त्याच्याकडे पाहून म्हणावी. एवढ्यानेही प्रवेश जिवंत होतो.

पट्टीबद्दल थोडक्यात. पुरुषांचे गळे साधारणतः काळी एक-दोनच्या आसपास आणि मुलींचे काळी चार-पाचच्या आसपास रमतात, पण हा ठोकताळा झाला. मूळ गायकाची पट्टी हे फर्मान नव्हे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटत असतो, त्यांना वरच्या षड्जाशी झुंजायला लावू नये. साथीदार शक्यतो प्रत्यक्ष असावेत. आधी मुद्रित केलेल्या साथीवर गाणारा मुलगा त्या साथीचा बांधील होतो, त्याला कोठे थांबता येत नाही, की सुचलेली जागा घेता येत नाही. पेटी आणि तबला वाजवणारी मुले शाळेत नक्की सापडतात, त्यांना तालमीला पहिल्या दिवसापासून बसवा.

अभिनयातील नक्कल गाण्यातल्या नकलेहून कमी ध्यानात येते, आणि मला ती अधिक खटकते. भामिनी किंवा रुक्मिणी करणाऱ्या मुली पदर सावरण्याची, मान वेळावण्याची, हसताना हात ओठांशी नेण्याची जी लकब घेतात, ती बहुधा जुन्या छायाचित्रांवरून किंवा अलीकडच्या चित्रपटांवरून उचललेली बालगंधर्वांची असते. क्षणभर विचार करावा. बालगंधर्व पुरुष होते. भोवतालच्या कुलीन स्त्रियांचे उठणेबसणे त्यांनी वर्षानुवर्षे निरखले आणि त्यातून आपली नायिका घडवली. ती त्यांची साधना होती आणि तिची थोरवी निर्विवाद आहे. पण आजची मुलगी जेव्हा त्या पुरुषाने घडवलेल्या स्त्रीची नक्कल करते, तेव्हा अस्सल दस्तऐवज स्वतःच्या घरी असताना ती नकलेची नक्कल मिळवण्यासाठी दूरच्या कचेरीत खेटे घालत असते. आपली आई संकोचते कशी, आजी मान देते कशी, आपण स्वतः रागावलो की हातांचे काय करतो, हे तिने पाहावे. बालगंधर्वांनी तेच केले होते. 1942 साली 'कुलवधू'त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, जयमाला शिलेदारांनी जुन्या संगीत नायिका आयुष्यभर जागवल्या. या स्त्रियांच्या भूमिकांचा अभ्यास करणारी मुलगी मला अजून फारशी भेटलेली नाही, याचे नवल वाटते.

आता दुसऱ्या टोकाविषयी. नक्कल नको म्हटले की काही उत्साही मंडळी पदाचा राग बदलतात, नांदीखाली पाश्चात्त्य ढोल वाजवतात, धैर्यधराला चित्रपटातील नायकाप्रमाणे नाचवतात आणि त्याला नवता म्हणतात. हा स्वतंत्रपणा नव्हे. ही दुसऱ्या कोणाची तरी नक्कल, फक्त मूळ मालक बदललेला. बदल करण्याची मुभा जरूर आहे, पण पात्राने मागितल्यावाचून एकही बदल करू नये, आणि एकदा मागितल्यावर मात्र कोणत्याही थोर नावाच्या भीतीने तो टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उसनवारीची लाज बाळगण्याचे तर कारणच नाही. जुन्या संगीत नाटकाचे पुस्तक उघडून पाहा: प्रत्येक पदाच्या डोक्यावर राग व ताल दिलेला असतो, आणि त्याच्यापुढे 'चाल' असे लिहून, ज्या मूळ गाण्यावरून ती चाल घेतली त्याचे आरंभीचे शब्द छापलेले असतात. कोठे कानडी पद, कोठे लावणी, कोठे ख्यालाची बंदिश. साकी, दिंडी, कामदा तर सर्वांच्या मालकीच्या. 12 मार्च 1911 रोजी प्रथम रंगभूमीवर आलेल्या 'मानापमाना'ला गोविंदराव टेंब्यांनी ठुमरीच्या अंगाचा साज चढवला, आणि 1916 सालच्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालगायकीतील बंदिशी मराठी शब्दांखाली अशा बसवल्या की रुक्मिणीचे पद ऐकताना मूळ बंदिशीची आठवण यावी आणि तरीही ते रुक्मिणीचेच वाटावे. स्वतः भास्करबुवा तीन उस्तादांकडे शिकलेले होते. उधार घेतले, कोणाकडून घेतले ते छापले, आणि घेतलेल्याला नव्या प्रसंगात नांदवले, असा हा चोख व्यवहार होता. परदेशातही रीत निराळी नाही. 1728 साली लंडनमध्ये जॉन गेने लोकांच्या तोंडच्या चालींवर जी 'भिकाऱ्याची संगीतिका' रचली, तिच्यावरून बरोबर दोनशे वर्षांनी, 1928 साली, बर्लिनमध्ये ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी आपले नाटक उभे केले, आणि त्यावरून 1978 साली पु. ल. देशपांड्यांनी 'तीन पैशाचा तमाशा' लिहिला. तो पाहताना आपण जर्मन नाटक पाहत आहोत असे कोणाला वाटले असेल, तर तो प्रेक्षक मला भेटायचा आहे.

विद्यार्थ्यांनी स्वतः नवी संगीतिका लिहायला घेतली तर याच व्यवहाराने चालावे. चित्रपटगीताची चाल घेतली, तर घेतली म्हणून सांगावे; गावच्या भजनी मंडळाकडून उचलली, तर त्या मंडळाचे नाव पत्रकात यावे. कायद्याची बाबही शिक्षकांनी ठाऊक करून घ्यावी. आपल्याकडे लेखकाच्या वा संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या कृतीवर वारसांचा हक्क चालतो. म्हणजे किर्लोस्कर, देवल, गडकरी केव्हाच मुक्त झाले, 1948 साली निवर्तलेले खाडिलकरही झाले, परंतु पुरुषोत्तम दारव्हेकरांची 1967 सालची 'कट्यार' आणि तिला जितेंद्र अभिषेकींनी दिलेल्या चाली यांना अजून पुष्कळ अवकाश आहे. संस्थेतील शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांच्यापुरत्या प्रयोगाला कायद्याने सवलत दिली आहे. पण बाहेर, तिकीट लावून प्रयोग करायचा तर लेखी परवानगी आधी मिळवावी, आणि नवी संहिता जाहीर प्रयोगासाठी असेल तर महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घेण्यास विसरू नये. मुलांना हे अर्ज स्वतः लिहू द्यावेत. दुसऱ्याच्या मालकीचे काहीतरी आपण हाती घेतले आहे, ही जाणीव एका अर्जाने जितकी होते तितकी दहा व्याख्यानांनी होत नाही.

परीक्षकांनाही चार शब्द सांगणे मला भाग आहे, कारण या रोगाचे मूळ बऱ्याच अंशी आमच्या खुर्च्यांत आहे. 'अगदी वसंतराव देशपांड्यांसारखे गायिलास' अशी शाबासकी देऊन ढाल त्या मुलाच्या हाती ठेवणारे आम्हीच. मग पुढच्या वर्षी दहा मुले वसंतरावांसारखी गायला आली तर दोष कोणाचा? आणि ज्या वसंतरावांनी अनेक गुरूंकडून घेऊन, दीनानाथांच्या गाण्यावर लोभ जडवूनही, शेवटी गाणे स्वतःचे केले, त्यांच्या नावाने एकसारखेपणाला बक्षीस द्यावे, हा त्या कलावंतावर अन्याय आहे. गुणपत्रिकेत 'गायन' असा एकच रकाना ठेवू नये. पद पात्राच्या तोंडी शोभले का, भाषण आणि पद यांचा सांधा जुळला का, आणि गायकाने स्वतः विचार करून घेतलेली एक तरी जागा दिसली का, यांना स्वतंत्र गुण ठेवावेत. शारदा करणाऱ्या त्या मुलीला त्या वर्षी गायनाचे पारितोषिक मिळाले नाही. तिच्या गाण्यात तयारी कमी दिसली, असे आमच्यापैकी दोघांचे मत पडले, आणि मी एकटा पडलो. त्या निकालावर माझीही सही आहे, याचा सल मला आजही आहे.

ज्या शिक्षकांना यंदा प्रवेश बसवायचा आहे त्यांना माझी विनंती एवढीच. रंगीत तालमीच्या पंधरा दिवस आधीपासून मुलांना मूळ मुद्रण ऐकण्यास मनाई करावी. तोपर्यंत हवे तितके ऐकू द्यावे. आणि प्रयोगाचे पत्रक छापायला टाकताना प्रत्येक पदापुढे जुन्या पुस्तकांतल्यासारखा 'चाल' हा रकाना ठेवावा, चाल, जागा, लकब जे जे जेथून घेतले ते त्या रकान्यात मुलांच्याच हातून लिहून घ्यावे, आणि त्याच्या शेजारी एक रिकामा रकाना सोडून त्यात, या पदात माझे स्वतःचे काय आहे, ते प्रत्येक मुलामुलीला एका ओळीत लिहायला सांगावे.